असिमिना टेट्रामेरा

असिमिना टेट्रामेरा (इंग्रजी नाव: फोर-पेटल पॉपॉ) हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लोरिडा राज्यात आढळणारे एक दुर्मिळ झुडूप आहे. ते सीताफळ कुलातील (ॲनोनेसी) असून फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मार्टिन व पाम बीच या दोन काउंटींपुरतेच मर्यादित आहे. इंग्रजीत काही देशांत पपईलाही 'पॉपॉ' म्हणतात; मात्र पपई वेगळ्या कुलातील आहे.

वर्णन

झुडूप साधारणतः १ ते ३ मीटर उंच वाढते. पाने साधी व एकाआड एक असतात. फुलांना बहुधा चार संदले असतात. 'टेट्रामेरा' या नावाचा अर्थही 'चार भागांचे' असाच आहे. फुले उमलताना फिकट असतात व पुढे गडद तांबडी होतात. त्यांना उग्र, कुजकट वास येतो. फळ मांसल व पिवळसर हिरवे असून त्यात गडद तपकिरी बिया असतात.

१९२६ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कुंकेल स्मॉल यांनी या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

परागण व बीजप्रसार

फुलांचा रंग आणि वास यांमुळे भुंगेरे आकर्षित होतात व परागण घडवून आणतात. प्रत्येक फुलात स्त्रीकेसर आधी व पुंकेसर नंतर पक्व होत असल्याने त्याच फुलातील स्वपरागण टळते. गोफर कासव व इतर लहान प्राणी फळे खातात. त्यातून बियांचा प्रसार होतो. असिमिना प्रजातीची पाने हे झेब्रा स्वॅलोटेल या फुलपाखराच्या सुरवंटांचे खाद्य आहे.

अधिवास व वणव्याचे महत्त्व

प्राचीन वालुकागिरींच्या कोरड्या, निकस पांढऱ्या वाळूवरील खुरट्या वनात हे झुडूप वाढते. सँड पाइन वृक्ष व खुरटे ओक त्याच्या सोबतीला असतात. विजेमुळे लागणारे वणवे हा या वनाच्या जीवनचक्राचा भाग आहे. वणव्यात झुडपाचा वरचा भाग जळाला तरी खोल मुळापासून नवे धुमारे फुटतात आणि मोकळ्या उन्हात भरपूर फुले येतात. दीर्घकाळ वणवा न लागल्यास पाइन वृक्षांची सावली दाट होऊन फुले व फळे घटतात.

धोके व संवर्धन

वालुकागिरींची उंच, कोरडी जमीन घरबांधणी व रस्त्यांसाठी सोयीची ठरल्याने या वनाचा मोठा भाग नष्ट झाला व उरलेल्या भागाचे तुकडे पडले. १९८६ मध्ये अमेरिकेच्या संघीय सरकारने या जातीला 'संकटग्रस्त' दर्जा दिला. जोनाथन डिकिन्सन राज्य उद्यान व होब साउंड राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य येथील झुडपांना संरक्षण लाभले आहे. तथापि केवळ कुंपण घालून ही जात टिकत नाही. तिच्यासाठी नियंत्रित आग लावावी लागते. भोवताली वस्ती असल्याने धूर व आगीचा धोका टाळणे कठीण जाते. म्हणून काही ठिकाणी सावली देणारी झाडे तोडून जमीन मोकळी केली जाते.