घोड्याची ताकद, गिरणीचं इंजिन आणि सायकलचं पॉवर मीटर



मागच्या व्याख्यानानंतर आपल्याच सोलापुरातला एक तरुण मला जिन्यात थांबवून म्हणाला, "सर, तुम्ही मोजमापांचा इतिहास सांगता, तर माझा एक प्रश्न सोडवा." तो गोव्याच्या आयर्नमन ७०.३ या शर्यतीची तयारी करतोय. १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि लगेच २१.१ किलोमीटर धावायचं. शर्यतीला ८ आठवडे राहिलेले आणि त्याच्या सायकलचं पॉवर मीटर बंद पडलं. नवं घ्यायचं तर खर्च मोठा, घरात फ्रिज येईल एवढा. पण त्याची खरी भीती वेगळीच होती. तो म्हणाला, "दोन वर्षांचे आकडे आहेत माझ्याकडे. ते वाया जातील का?"

हा प्रश्न मला फार आवडला. कारण तो दोनशे वर्षांपूर्वीच्या गिरणीवाल्यांचाही होता.

गोष्ट सुरू होते जेम्स वॅटपासून. त्याचं वाफेचं इंजिन जुन्या इंजिनांपेक्षा कमी कोळसा खायचं. खाणवाल्यांकडून तो वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा घ्यायचा. पण ज्यांच्याकडे इंजिनच नव्हतं, घोडेच होते, त्यांच्याशी हिशेब कसा करायचा? मग १७८२-८३ च्या सुमारास त्याने गरगर फिरणाऱ्या घोड्याचं काम मोजलं आणि गोळाबेरीज करून आकडा ठरवला : मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड. हीच अश्वशक्ती. म्हणजे बघा, शक्तीचं हे माप प्रयोगशाळेत जन्मलं नाही, ते व्यवहारात जन्मलं. दोघांनी एकच पट्टी मान्य करावी, एवढाच त्याचा उद्देश.

पुढचा प्रश्न आला, की मोजायचं कुठे? १७९६ मध्ये वॅटचा सहकारी जॉन सदर्न याने सिलिंडरमधला वाफेचा दाब कागदावर आपोआप काढणारी युक्ती केली. १८२१ च्या सुमारास फ्रान्समध्ये प्रोनीने फिरत्या दांड्यावर ब्रेक आवळून शक्ती मोजली. आता गंमत अशी, की सिलिंडरमध्ये मोजलेला आकडा मोठा येतो आणि दांड्यावरचा लहान. मधली शक्ती घर्षणात जाते.

आपल्या सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली. आपण तिला जुनी मिल म्हणतो. त्या काळच्या वाफेच्या गिरण्या कशा चालायच्या? एक मोठं इंजिन, त्यावरून छताखालचा लांब दांडा, दांड्यावरून चामड्याचे पट्टे आणि पट्ट्यांवर माग. प्रत्येक टप्प्याला थोडी शक्ती गळते. म्हणजे एकाच इंजिनाचे तीन आकडे : सिलिंडरचा, दांड्याचा, मागाचा. तिन्ही खरे. पण आज सिलिंडरचा आणि उद्या मागाचा आकडा घेऊन "इंजिन बिघडलं" असं म्हणणारा मिस्त्री नोकरीवर टिकला नसता.

आता सायकलकडे येऊ. १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी, एकमेकांना न कळता, स्ट्रेन गेज शोधलं. तत्त्व सोपं आहे. धातूला ताण दिला की त्यावर चिकटवलेली बारीक तार लांबते आणि तिचा विजेला होणारा अडथळा बदलतो. तो बदल मोजला की जोर कळतो. जोर, क्रँकची लांबी आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. १९८६ मध्ये जर्मनीत उलरिक शोबेरर याने हीच युक्ती सायकलच्या क्रँकमध्ये बसवली. ग्रेग लेमाँडसारखे खेळाडू ती आधी वापरू लागले. मग मागच्या चाकाच्या हबमध्ये मोजणारी मीटरं आली, २०१२ मध्ये फक्त डाव्या क्रँकवर मोजणारं स्वस्त मीटर आलं आणि पेडलमध्ये मोजणारीही आली.

ओळखीचं वाटतंय ना? पेडल म्हणजे सिलिंडर, हब म्हणजे माग. चेनमध्ये शक्ती गळते, म्हणून हबचा आकडा दोनेक टक्के कमी येतो. डाव्या क्रँकचं मीटर तर एकाच पायाचा जोर मोजून दुप्पट करतं. समजा, तुम्ही खरोखर २०० वॅट लावताय, पण डावा पाय ५२ टक्के देतोय. मीटर दाखवणार २०८.

तुम्ही म्हणाल, ८ वॅटनी काय होतं? ट्रायथलॉनमध्ये होतं. अशा शर्यतीत बरेच हौशी खेळाडू आपल्या तासभराच्या कमाल ताकदीच्या ७५ ते ८० टक्क्यांवर सायकल चालवतात. ४ टक्के चुकलं तर ९० किलोमीटर बरं वाटतं आणि धावताना पाय बसतात. वेगावर भरवसा ठेवावा, तर विजापूर रोडवर जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर. नाडीवर ठेवावा, तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती तशीच वर चढते.

मग मी त्याला काय सांगितलं? त्याच्याकडे दोन सायकली आहेत, एक सरावाची आणि एक शर्यतीची. म्हणून दोन्ही बाजूंनी मोजणारी पेडलं घे म्हटलं. ती पान्याने काढून दुसऱ्या सायकलला लावता येतात. पट्टी एकच राहते. क्रँकचं मीटर घ्यायचं तर बॉटम ब्रॅकेट जुळतोय का, हे आधी बघावं लागतं.

पण तीन पथ्यं आहेत. पहिलं, क्रँकची लांबी बरोबर भरायची. क्रँक १६५ मिलिमीटरचा आणि सेटिंगमध्ये १७२.५ राहिलं, तर आकडा साडेचार टक्के फुगतो. दुसरं, निघण्यापूर्वी शून्य लावायचं. तापमान बदललं की धातू आणि तार दोन्ही बदलतात. पहाटे घरातल्या गारव्यात लावलेलं शून्य नऊच्या उन्हात तसंच राहील, असं धरू नका. तिसरं, गोव्याला सायकल खोक्यात भरताना पेडलं निघणारच. परत बसवल्यावर नीट आवळायची, थोडं चालवायचं आणि पुन्हा शून्य लावायचं.

आणि ते दोन वर्षांचे आकडे? वाया नाही गेले, पण ते जुन्या पट्टीचे आहेत. जुनं मीटर चालू असतं, तर दोन्ही एकत्र लावून फरक काढता आला असता. आता ते शक्य नाही. म्हणून तुळजापूरच्या घाटात, जिथे त्याने पूर्वी चाचणी दिली होती, तिथेच शांत हवेच्या पहाटे पुन्हा २० मिनिटं पूर्ण ताकदीने चढायचं. वेळ तेवढाच आणि आकडा वेगळा आला, तर पाय बदललेले नाहीत, पट्टी बदलली आहे. नवा आकडा पाया धरायचा आणि ८ आठवडे त्यावरच चालायचं. जुन्या वहीत तिथे एक रेघ मारायची, तारीख घालायची.

सर्वांत अचूक मीटर कुठलं, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. इतिहास सांगतो, की वॅटच्या घोड्याचा आकडाही फार अचूक नव्हता. तो टिकला, कारण सगळ्यांनी तोच वापरला. माप दररोज सारखं चुकलं तरी चालतं. रोज वेगळं चुकलं, तर मात्र ते माप राहत नाही.

तो मुलगा सध्या रोज पहाटे निघतोय. गोव्याला काय होतं, ते पुढच्या वेळी त्यालाच विचारू. आता तुमचे प्रश्न घेतो.