अंबरची नहर आणि आमची बोअर

बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही औरंगाबादकर त्यांना पाणचक्की दाखवायला नेतो. (शहराचे सरकारी नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण तोंडातली सवय जायला वेळ लागतो.) उंच भिंतीवरून हौदात पाणी कोसळत असते, शेजारी जुना वड उभा असतो, हौदात मासे फिरत असतात. कुणीतरी माहिती सांगतो, "वीज नाही, मोटर नाही, शेकडो वर्षांपासून पाणी आपोआप येतंय." पाहुणे 'वा!' म्हणतात, कुणी 'माशाअल्लाह' म्हणतो, फोटो निघतात आणि मंडळी बीबी का मकबऱ्याकडे वळतात.

माझे भांडण त्या 'आपोआप' शब्दाशी आहे.

आपल्या लोकांत या वास्तूबद्दल दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक, आपले पूर्वज किती थोर होते. दोन, पूर्वी माणसे निसर्गासोबत साधेपणाने राहत, यंत्रांनी सगळा नाश केला. दोन्ही बोलणाऱ्यांच्या मोबाइलवर पाणचक्कीचाच फोटो असतो. मलाही या वास्तूचा अभिमान आहे. पण हे पाणी आपोआप आलेले नाही आणि ते आणणारी माणसे यंत्रांची वैरीही नव्हती. इतिहास वेगळेच काही सांगतो, आणि ते आपल्यालाच अडचणीचे आहे.

मलिक अंबर 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मला. त्याचे नाव चापू होते असे अभ्यासक सांगतात. गुलाम म्हणून विकला जात तो बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही हबशीच होता. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, तेव्हा बुडत्या राज्याची सूत्रे याच अंबरने हाती घेतली. त्याने 1610 मध्ये खडकी या गावी नवी राजधानी वसवली. गावाचे नावच जमीन कशी होती ते सांगते. जवळून वाहणारी खाम ही छोटी नदी. पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात दगड दिसतात. एवढ्या पाण्यावर राजधानी चालणार नव्हती.

अंबरला पाणी आणि जमीन दोन्ही कळत होती. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचा बांध फोडून मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वाटेत चिखल केला होता, हे शालेय इतिहासातही येऊन जाते. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. पण चिखल करायला जे ज्ञान लागते त्याच्या कितीतरी पट जास्त ज्ञान राजधानीला गोडे पाणी पाजायला लागते, आणि ते शालेय इतिहासात येत नाही.

शहराच्या उत्तरेला, हर्सूल-सावंगीच्या बाजूला डोंगर आहेत. पावसाचे पाणी त्या डोंगरांत मुरते आणि पायथ्याशी जमिनीखालून झिरपत राहते. अंबरच्या माणसांनी तिथे जमिनीखाली लांबलचक बोगदा खोदला. बोगद्याच्या बाजूंनी पाणी पाझरून आत येते आणि अगदी हलक्या उतारावरून शहराकडे चालू लागते. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा कोरून काढते, कमी झाला तर गाळ बसून पाणी तुंबते. ठराविक अंतरावर वरून विहिरीसारखी तोंडे ठेवलेली असतात. त्यांतून हवा खेळते आणि सफाईला माणूस आत उतरू शकतो. (पुण्यात पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत जे पाणी आणले, तिथे या तोंडांना 'उच्छ्वास' म्हणतात. फार नेमका शब्द आहे.) शहराजवळ पाणी बंद नळांत घातले जाते आणि मधूनमधून उभारलेल्या मनोऱ्यांत ते चढते-उतरते. तिथे दाब आणि हवा मोकळी होते, गाळ खाली बसतो. ही नहर-ए-अंबरी. दरबारातल्या एका वजिराने या बेताची थट्टा केली होती अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मला ती पटते. अशा कामांची थट्टा करणारा वजीर प्रत्येक काळात असतो.

हे तंत्र अंबरने शोधले असे नाही. इराणात ते फार जुने. बहमनी काळात बीदरला असे भुयारी पाणी आले, त्याला कारेझ म्हणतात. अहमदनगरला निजामशाहीत आजूबाजूच्या गावांकडून नळांनी पाणी आणलेले होते आणि अंबरचे तरुणपण तिथेच गेले. खुद्द त्याच्या शत्रूच्या घरीही हेच काम चालले होते. बुऱ्हाणपूरचा मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खान-ए-खानान, ज्याला आपण दोहे लिहिणारा रहीम म्हणून ओळखतो, याच्या काळात 1615 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शंभराहून अधिक विहिरी भुयाराने जोडून शहराला पाणी आणले गेले. तो कुंडी भंडारा आजही पाहता येतो. पुढच्याच वर्षी, 1616 मध्ये, याच रहीमचा मुलगा शाहनवाजखान याने अंबरचा पराभव करून खडकी जाळली. अंबरने शहर पुन्हा उभे केले आणि त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत नहरीचे काम झाले असे मानले जाते. शहर जाळणारे आणि वसवणारे, दोघांच्याही घरी पाण्याचे शास्त्र एकच होते.

या शास्त्राचा लेखी पुरावाही आहे. अल-करजी हा बीजगणितातला मोठा गणिती. त्याने 1017 च्या सुमारास जमिनीखालचे पाणी काढण्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पाणी कुठे असेल ते कसे ओळखावे, भुयाराची पातळी कोणत्या साधनाने मोजावी, माती ढासळू नये म्हणून काय करावे, हे सगळे त्यात आहे. त्याच ग्रंथात एक विषय असा येतो जो आपण पूर्ण विसरलो आहोत, तो म्हणजे हरीम.

हरीम हा फिक्‌हमधला, म्हणजे इस्लामी कायद्यातला शब्द. हराम, हरम आणि हरीम एकाच मुळाचे. कुणी विहीर खोदली की तिच्याभोवती ठराविक अंतरापर्यंत दुसऱ्याला विहीर खोदता येत नाही. तो त्या विहिरीचा हरीम. जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीसाठी तो साधारण चाळीस हात सांगितला जातो, झऱ्यासाठी त्याहून बराच जास्त. भुयारी नहरीचे प्रकरण अवघड, कारण तिचे पाणी दुरून, मातीच्या जातीप्रमाणे कमी-जास्त येते. अल-करजीसारख्या गणितज्ञाला त्यात पडावे लागले ते यामुळे. किती अंतरावरच्या खोदकामाने पाणी तुटेल, हा मापाचा प्रश्न होता आणि न्यायाचाही.

आता पुन्हा पाणचक्कीकडे येऊ. मध्य आशियात बुखाऱ्याजवळच्या गजदुवान गावचे बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी सूफी औरंगजेबाच्या काळात इथे येऊन राहिले. त्यांच्या पश्चात त्यांचे उत्तराधिकारी बाबा शाह महमूद यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तकियाचा विस्तार झाला. डोंगराकडून आलेल्या वेगळ्या नहरीचे पाणी उंचावरून सोडून त्याच्या धारेने चक्रीची पाती फिरवायची आणि वरची दगडी तळी फिरून पीठ पडायचे. फकीर, मुसाफिर आणि विद्यार्थ्यांची रोटी त्या पिठाची. हौदाखाली मोठे दालन आहे, डोक्यावर पाणी असल्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो.

ही साधी राहणी म्हणायची का? खानकाहमधल्या दरवेशांनी गरजा कमी केल्या, हे खरे. पण दळणाचे कष्ट त्यांनी माणसावर टाकले नाहीत, यंत्रावर टाकले. माझी दादी पहाटे उठून जाते ओढायची. गावात डिझेलवर चालणारी गिरणी आली तेव्हा तिने शुकराना केला, असे ती आम्हाला हसत सांगायची. जात्यावरच्या ओव्यांचे आम्ही कौतुक केले की म्हणायची, "ओव्या घे, जातं नको." निसर्गाकडे परत चला असे म्हणणाऱ्या पुरुषांना मी तिचे हे वाक्य ऐकवतो. जुन्या साध्या जगाचे बरेचसे ओझे बायकांच्या खांद्यावर आणि डोक्यावर होते. हंडे कोण वाहत होते? आणि नहरीच्या अंधाऱ्या भुयारात उतरून गाळ उपसणारे कोण होते? त्यांच्या नावांची नोंद कुठल्याही तवारीखेत सापडत नाही.

अंबरनंतरही शहरात एकामागून एक नहरी होत गेल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद आणि शाह मुसाफिरांचा तकिया, दोघांनाही उत्तरेकडच्या डोंगरांनीच पाणी पाजले. 1884 मध्ये निजाम सरकारने छापलेल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या नहरींची दखल आहे. मग काळ बदलला. 1976 मध्ये पैठणला जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले, नाथसागर भरला, आणि शहराने उत्तरेच्या डोंगराकडे पाठ करून दक्षिणेकडे तोंड वळवले. पन्नासेक किलोमीटरवरून, शंभर मीटरांहून अधिक उंच, पंपांनी पाणी चढू लागले. अंबरचे पाणी उतारावरून चालत येत होते, आमचे पाणी विजेच्या बिलावर चढते. वीज गेली, नळ फुटला की शहर कोरडे.

तरी मी जायकवाडीला शिव्या देणार नाही. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. एवढ्या लोकांना डोंगराच्या पाझरावर जगवता येत नाही. नहरी दुरुस्त करा, सगळा प्रश्न सुटेल, असे सांगणारे लोक इतिहासाचीही फसवणूक करतात आणि तहानलेल्यांचीही. पण धरणाचा हिशेबही पूर्ण लिहावा लागेल. त्यासाठी गावे पाण्याखाली गेली, माणसे उठली. आणि आता वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे की नाही, यावर पाऊस कमी झाला की कोर्टकचेऱ्या होतात. एवढे करूनही शहरातल्या कितीतरी मोहल्ल्यांत नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते.

मोठे यंत्र आले याचे मला दुःख नाही. ते आल्यावर आम्हाला वाटले की आता डोंगराची गरज उरली नाही, हे मला खुपते. नहर चालू होती तोवर तिच्या वरच्या बाजूला काय चालले आहे याकडे शहराला लक्ष ठेवावेच लागे. ओढा बुजला, तोंड कचऱ्याने भरले, माथ्यावर खोदकाम झाले, तर खालच्या हौदात ते दिसायचे. धार बारीक झाली की काहीतरी बिघडले, हे लहान मुलालाही कळायचे. पंपाच्या पाण्यात असा निरोप येत नाही. आज नहरींवर घरे आहेत, रस्ते आहेत, कुठे उच्छ्वासांत कचरा आहे. अतिक्रमण म्हटले की आपण लगेच दुसऱ्या समाजाकडे किंवा सरकारकडे बोट करतो. नहरीच्या वाटेवर जी वस्ती झाली तिच्यात आपलीही घरे आहेत. मलिक अंबरवर व्याख्यान ठेवणारे आणि नहरीवर स्लॅब टाकणारे कधीकधी एकच असतात. हरीमचा मसला जुम्म्याच्या बयानात मी आजवर ऐकलेला नाही. वजूच्या पाण्याची उधळपट्टी नको, हे मात्र दर उन्हाळ्यात ऐकतो, आणि मग नमाजी बाहेर पडून बोअर किती फूट गेली याची चर्चा करतात.

हे मी स्वतःला वगळून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत, शहराच्या त्याच उत्तरेकडच्या अंगाला, आम्ही बोअर घेतली. शेजारच्या दोघांच्या बोअर आधीच होत्या. आमची आणि त्यांची मिळून चाळीस हातांचे अंतर भरत नाही, हे मी नंतर पावलांनी मोजले. रात्रभर मशीन चालू होती, सगळ्या मोहल्ल्यावर पांढरी भुकटी बसली. तीनशे फुटांवर नुसती ओल लागली. मशीनवाला फुटाच्या हिशेबाने पैसे घेत होता. त्याने विचारले, "अजून शंभर घ्यायचे का?"

भावाने माझ्याकडे पाहिले. मी हरीमबद्दल वाचलेले सगळे मला त्या क्षणी आठवत होते. घरात सहा माणसे आणि टाकीत एक दिवसाचे पाणी होते. मी मान हलवली. पाणी तीनशे साठला लागले. त्या उन्हाळ्यात शेजारच्या एका घरची बोअर आटली. त्यांनी आम्हाला काही म्हटले नाही, आम्हीही विषय काढला नाही. आता त्यांच्या गच्चीपर्यंत आमच्याकडून एक पाइप गेलेला आहे आणि संध्याकाळी अर्धा तास आम्ही तो चालू ठेवतो.