आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील दानाची व्यवस्था

इसवी सनाच्या पहिल्या चार शतकांत रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती मंडळ्यांनी गरजूंसाठी दान गोळा करण्याची आणि त्याचे वाटप करण्याची नियमित पद्धत घडवली. रोमन समाजाला दातृत्व नवे नव्हते. धनिक मंडळी नगराला स्नानगृहे बांधून देत, खेळ भरवत, धान्य वाटत. पण त्याचा लाभ प्रामुख्याने नागरिकांना होई आणि दात्याला त्याबदली मान, पद व शिलालेखात नाव मिळे. ख्रिस्ती दानाची मुळे यहुदी धर्मशास्त्रात होती. शेताच्या कडेचे पीक गरीब व परक्यांसाठी राखावे, उत्पन्नाचा दशमांश द्यावा, विधवा आणि अनाथांची हेळसांड करू नये, अशी त्या शास्त्राची आज्ञा होती. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र आणि बंदिवानाला सोबत देणे ही प्रत्यक्ष आपलीच सेवा आहे, असे सांगून येशूने या आज्ञेला भक्तीचे स्थान दिले.

यरुशलेमातील पहिल्या मंडळीत काही जण जमीनजुमला विकून आलेली रक्कम प्रेषितांच्या स्वाधीन करत. कुप्र बेटाचा बर्णबा हा त्यांपैकी एक. मात्र रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते, अशी तक्रार लवकरच उठली. तेव्हा या कामासाठी सात विश्वासू माणसे निवडण्यात आली. दान देण्याइतकेच ते न्यायाने वाटणेही महत्त्वाचे आहे, हे मंडळीला अशा रीतीने आरंभीच उमगले.

इ. स. 50 नंतरच्या काही वर्षांत प्रेषित पौलाने यरुशलेमातील गरिबांसाठी मासेदोनिया, अखया आणि गलतिया या प्रांतांतून निधी उभारला. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, अशी त्याची सूचना होती. सक्ती नव्हती, देणाऱ्याने आनंदाने द्यावे, यावर त्याचा भर होता. मासेदोनियातील मंडळ्या स्वतः दारिद्र्यात असूनही त्यांनी ऐपतीपलीकडे दिले, हे त्याने करिंथकरांपुढे उदाहरण म्हणून ठेवले. पैशाबाबत कोणाला संशय घेण्यास जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे रकमेसोबत पाठवण्याची व्यवस्थाही त्याने केली.

दुसऱ्या शतकात ही रीत स्थिरावली. रोममध्ये इ. स. 155 च्या सुमारास लिहिताना ख्रिस्ती लेखक जस्टिनने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. ज्यांची ऐपत व इच्छा असेल ते देत आणि जमलेली रक्कम मंडळीच्या प्रमुखाकडे ठेवली जाई. तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेल्यांची गरज भागवी. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने 197 च्या सुमारास सामाईक पेटीची माहिती दिली आहे. महिन्यातून एकदा जमेल तेवढे तीत टाकायचे. त्यातून गरिबांचे अन्न व दफन, अनाथ मुले, वृद्ध दास, गलबत फुटून निराधार झालेले आणि श्रद्धेपायी खाणींत वा तुरुंगात डांबलेले यांचा खर्च चाले. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता त्यांनाही वाटा उचलता यावा म्हणून उपवासाच्या दिवशी वाचलेल्या अन्नाची किंमत गरजूंना देण्याचा प्रघात होता.

तिसऱ्या शतकापर्यंत या कामाचा व्याप मोठा झाला. 251 मध्ये बिशप कॉर्नेलियसने लिहिलेल्या पत्रानुसार रोमची मंडळी 1500 हून अधिक विधवा व गरजूंचे पोषण करत होती. 253 च्या सुमारास न्युमिडियातील काही ख्रिस्ती लोकांना लुटारूंनी पळवून नेले, तेव्हा कार्थेजचा बिशप सिप्रियन याने त्यांच्या सुटकेसाठी आपल्या मंडळीतून एक लाख सेस्टर्स जमवून पाठवले. पुन्हा असा प्रसंग आला तर कळवा, असेही त्याने लिहिले. त्याच काळातील महामारीत त्याने मंडळीला परधर्मीयांनाही मदत करण्यास प्रवृत्त केले.

या कामाचा बोलका पुरावा सिर्ता नगरातून, म्हणजे आजच्या अल्जीरियातील कॉन्स्टंटीनमधून मिळतो. 303 मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला, तेव्हा अधिकाऱ्यांनी तेथील प्रार्थनास्थळाची झडती घेतली आणि सापडलेल्या मालाची यादी केली. तीत सोन्याचे दोन आणि चांदीचे सहा पेले होते. त्यांसोबत स्त्रियांचे 82 अंगरखे, 38 ओढण्या, पुरुषांचे 16 अंगरखे, स्त्रियांच्या पायताणांचे 47 जोड व पुरुषांचे 13 जोड होते. गरिबांसाठी साठवलेल्या या कपड्यांत स्त्रियांचा वाटा एवढा मोठा असावा, यावरून मदतीचा ओघ कोणाकडे होता ते स्पष्ट होते.

313 नंतर ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाली आणि 321 च्या कायद्याने मृत्युपत्राद्वारे चर्चला संपत्ती देता येऊ लागली. दानातून आता कायम संस्था उभ्या राहिल्या. कप्पदोकियातील 369 च्या दुष्काळात धर्मगुरू बेसिलने धनिकांना कोठारे उघडायला लावली. पुढे कैसरिया नगराबाहेर त्याने आजारी, कुष्ठरोगी आणि वाटसरूंसाठी आश्रयस्थान उभारले. ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेल्या सम्राट ज्युलियननेही 362 च्या सुमारास एका पुरोहिताला लिहिताना मान्य केले, की हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात. देवळांनी तसेच करावे म्हणून त्याने धान्य आणि मद्य मंजूर केले.

स्वेच्छेने देण्याचे आरंभीचे तत्त्व पुढे सर्वत्र टिकले नाही. 585 मध्ये माकों येथील धर्मपरिषदेने दशमांश न देणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा ठरवली आणि 779 मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याने तो राजाज्ञेने सक्तीचा केला. तरीही ऐपतीप्रमाणे देणे, स्वखुशीने देणे, हिशेब चोख ठेवणे आणि आपला-परका न पाहता वाटणे ही पहिल्या मंडळ्यांनी घालून दिलेली चार सूत्रे ख्रिस्ती दानाची खरी कसोटी ठरली. रविवारच्या उपासनेत अर्पण गोळा करण्याची त्यांची प्रथा जगभरच्या चर्चमध्ये आजही चालू आहे.