दोषातून उपजलेला नाद

वाद्यांचा इतिहास बहुधा कारागिरांच्या कौशल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु विजेच्या गिटारीचा जो भरदार, गुरगुरणारा आवाज रॉक संगीताची खूण होऊन बसला आहे, त्याचा माग काढू लागलो म्हणजे आपण एका बिघाडापाशी येऊन पोहोचतो.

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांचे ‘डोन्ट वरी’ हे गीत ध्वनिमुद्रित होत असता, यंत्रातील एका ट्रान्स्फॉर्मरच्या दोषामुळे ग्रॅडी मार्टिन यांच्या बास गिटारीचा आवाज फाटून उमटला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ साली गीत गाजले. मग तेथील ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच दोष मुद्दाम घडवून आणण्याची युक्ती काढली. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ‘मेस्ट्रो फझ-टोन’ ही पायाने दाबावयाची पेटी, म्हणजे पेडल, बाजारात आणली. मौज अशी की, गिटारीतून पितळी वाद्यांसारखे आवाज निघतील, अशी तिची जाहिरात होती! १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ती वाजली, तेव्हा कोठे तिचे खरे सामर्थ्य लोकांस कळले.

यामागील शास्त्र सोपे आहे. तारेच्या कंपनाची लहर वाढविता वाढविता अँप्लिफायरमधील व्हॉल्व्हची मर्यादा संपली, की लहरीचे माथे कापले जातात. त्यातून मूळ स्वरासोबत अनेक उपस्वर उठतात आणि नाद अधिक काळ टिकल्यासारखा वाटतो. तंबोऱ्याच्या जवारीने आपण उपस्वरांची अशीच श्रीमंती साधतो. साधन मात्र अगदी निराळे.

या आवाजास आजचे जड रूप आले ते इंग्लंडातील बर्मिंगहॅममध्ये. टोनी आयोमी हा डावखुरा तरुण पत्र्याच्या कारखान्यात होता. १९६५ साली, कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. नेमका हाच हात तारा दाबण्याचा! वाजविणे संपले असेच त्याला वाटले. तेव्हा कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. आगीत बोटे जायबंदी होऊनही दोन बोटांवर वाजविणारा हा वादक ऐकून आयोमी सावरला. त्याने वितळविलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बोटांना बसविल्या, हलक्या तारा घेतल्या आणि पुढे १९७१ च्या सुमारास त्या तीन अर्धस्वर उतरविल्या. ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला संग्रह १९७० मध्ये निघाला. त्याच्या आवाजामागे लेनी अँप्लिफायर आणि त्याच्यापुढे जोडलेली ‘रेंजमास्टर’ ही वरचे स्वर उचलणारी पेटी होती.

आज हा नाद पुन्हा उभा करू पाहणारे सहसा पेडलची विकृती शेवटपर्यंत वाढवितात आणि नुसता चिखल ऐकतात. आयोमीचा क्रम वेगळा होता. पेटीने खर्ज आवरून वरचा भाग जोराने पुढे ढकलावयाचा आणि फाटण्याचे काम व्हॉल्व्हवर सोपवावयाचे. आजच्या पेडलनेही हे साधते. त्याची विकृती कमी व जोर अधिक ठेवावा.

तथापि पेट्या विकत मिळतात, म्हणून नादही विकत मिळतो, असे आम्हांस वाटत नाही. नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रकाने बिघाड टाकून दिला नाही, आणि बर्मिंगहॅमच्या कामगाराने गिटार टाकून दिली नाही. या नादाच्या इतिहासात यंत्रांइतकाच या दोन निर्णयांचाही वाटा आहे.