साळवीवाड्यात एक दिवस

घाम पुसा आणि गर्दीतून वाट काढत पुढे चला. तुम्ही गुजरातेतल्या अणहिलवाड पाटणात आहात, बाराव्या शतकाच्या मध्यावर. गादीवर कुमारपाळ राजा आहे. वैशाखाचं ऊन टाळू भाजून काढतंय. खंभातकडून आलेल्या बैलगाड्या ऐन चौकात अडकल्यात. गाडीवान एकमेकांवर खेकसताहेत आणि धुळीनं तुमच्या तोंडाला कोरड पडलीय. थोडं थांबा, डावीकडच्या बोळातून येणारा तो आंबूस, उग्र वास आला का? नाकाला काहीतरी लावा, पण मागे फिरू नका. निळीचे रांजण आंबवत ठेवलेत, त्यांचा वास आहे तो. त्याच वासामागे चालत राहा.

बोळात शिरलात की कान टवकारा. एक म्हातारी नातवावर ओरडतेय आणि तिच्या बोलण्यातले दोन-चार शब्द चक्क ओळखीचे वाटताहेत. वाटणारच, ही माणसं जालन्याकडची! राजाला पूजेसाठी रोज कोरा पटोला, म्हणजे नक्षीदार रेशमी वस्त्र, लागायचा. जालन्याहून येणारं वस्त्र आधी तिथला राजा वापरतो हे कळलं, तेव्हा कुमारपाळानं सातशे साळवी विणकर कुटुंबंच पाटणात आणून वसवली, असं साळवी घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मुलूख बदलला, हातातलं काम तेच राहिलं.

म्हातारीनं तुम्हाला पाहिलंय. ‘ये लेकरा, आत ये. पाय मात्र धुऊन ये.’ तिचं ऐका. या घरात धुळीचा कणसुद्धा पाहुणा म्हणून चालत नाही.

परसात चुलीवर हंडा रटरटतोय. खाराच्या पाण्यात रेशीम उकळून त्यावरचा चिकटा काढायचं काम चालू आहे. वाफ तोंडावर येते आणि ओल्या कोशाचा वास घशात उतरतो. आता बाहेर काढलेली लड हातात घ्या. मघाशी राठ वाटणारा धागा बोटांवरून निसटून जातो.

ओसरीवर ताणून लावलेल्या धाग्यांपाशी तीन पिढ्या बसल्यात. कोळशानं खुणा केल्यात आणि खुणेखुणेवर सुताचा दोरा आवळून बांधताहेत. बांधलं तिथे रंग शिरत नाही. एक रंग चढवायचा, वाळवायचं, काही गाठी सोडायच्या, काही नव्यानं मारायच्या, मग पुढचा रंग. लाखेचा लाल, हळदीचा पिवळा, निळीचा निळा. एक गाठ तुम्हीही मारून पाहा. दोरा बोटात रुततो ना? पोरीनं तुमची गाठ पाहिली, हसली आणि सोडून पुन्हा बांधली. सैल गाठीतून रंग झिरपला तर नक्षीतल्या हत्तीची सोंड फिसकटते, आणि ते कळतं थेट मागावर, सगळं हातून गेल्यावर.

त्यातही उभे धागे वेगळे रंगतात आणि आडवे वेगळे. दोघांवर एकच नक्षी, पण ती अर्धी-अर्धी. कापड अजून विणलंच गेलेलं नाही, तरी त्यातलं प्रत्येक पान कुठे उमलणार हे ठरून गेलंय.

आता माजघरात या. इथे काळोखी गारवा आहे. माग एका अंगाला कललेला आहे आणि त्यावर दोघे भाऊ शेजारी शेजारी बसलेत. धोटा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो, शिसवी फळीचा ठोका पडतो आणि दोघेही थांबून खाली वाकतात. उभ्या लालवर आडवा लाल बरोबर बसला का? वीतभर विणून झालं की ताण सैल करतात आणि सुईच्या टोकानं एकेक धागा सरकवून जागेवर आणतात. जवळ या, श्वास रोखा. पानाची कड केसभर हलली आणि धूसर लाल एकदम झळाळून उठला. या दोघांतला कुणी एकटा हे करू शकत नाही, जसा कुठलाच धागा एकट्यानं पान होऊ शकत नाही. पटोल्याचं मोल रेशमापेक्षाही या एकमतात आहे. म्हणूनच त्याला उलटी बाजू नसते. दोन्हीकडून तो तितकाच देखणा.

जेवायला बसा. भाकरी आहे, ताक आहे. मिरची मागू नका. ती या देशात पोचायला अजून साडेतीनशे वर्षं तरी जायची आहेत.

दिवस कलला. सकाळपासून किती विणलं ते मोजा. जेमतेम वीतभर! बांधणं-रंगवणं धरून पुरं लुगडं व्हायला सहा महिने सहज जातील, तेही अख्खं घर राबलं तर. थोरला भाऊ सुई पुसून तुमच्या हातात देतो. ‘नजर चांगली दिसते तुमची. उद्या उजाडताच या, डावीकडचा हत्ती तुम्ही जुळवा.’