कानसेनांची दोन घराणी

तानसेन व्हायला जन्म जातो, कानसेन मात्र कुणालाही होता येतं, असं आपण म्हणतो. परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींत मला या कानसेनांची दोन घराणी दिसतात. एक घराणं गाणं ऐकतं. दुसरं अॅम्प्लिफायर, स्पीकर आणि त्यांच्यामधली वायर ऐकतं! भैरवी रंगात आलेली असताना "तानपुरा डावीकडून जरा जास्त येतोय" म्हणणारा या दुसऱ्या घराण्याचा. हौसेला मोल नसतं हे खरं, पण हा प्रकार आपल्या पिढीने काढलेला नाही. तो शंभर वर्षांहून जुना आहे.

१९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगावी जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे मालवायचे आणि श्रोत्यांनी ओळखायचं, गातंय कोण, बाई की यंत्र? गंमत अशी, की यातल्या अॅना केस या गायिकेने पुढे सांगितलं, यंत्राशी जुळावा म्हणून ती आपला आवाज आवरता घेत असे. म्हणजे यंत्राने माणसासारखं गायचं, ते राहिलं बाजूला. माणूसच यंत्रासारखं गात होता! आणि फरक ओळखायला कान टवकारून बसलेल्यांपैकी गाणं किती जणांनी ऐकलं असेल?

आपल्याकडे १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर आलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर मोठ्याने गायचं आणि तीनेक मिनिटांत राग आटोपायचा. विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं १९२५ मध्ये, लाँग प्ले रेकॉर्ड १९४८ मध्ये. आवाज स्वच्छ झाला, वेळ वाढला. यंत्रामागे लागलेल्यांचे हे उपकार विसरून चालणार नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ मध्ये गेले, पण त्यांच्या गाण्याची एकही रेकॉर्ड नाही. कितीही खरखरीची असती, तरी आपण ती जिवापाड जपली असती.

त्यांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरी गावच्या. बैठकीत त्या एकेक राग मनसोक्त फुलवत. रेकॉर्डवर त्यांना मिळाली मोजकी मिनिटं. १९७७ मध्ये 'नासा'ची व्हॉयेजर यानं निघाली, तेव्हा त्यांवर पृथ्वीवरचं निवडक संगीत पाठवायचं ठरलं. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केसरबाईंची भैरवी सुचवली. रेकॉर्ड जुनी, बाजारातून गेलेली. शोधाशोध केल्यावर तिच्या तीन कोऱ्या प्रती सापडल्या त्या न्यूयॉर्कमध्ये, लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात!

सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर ही साडेतीन मिनिटांची भैरवी चढली. सोबत सुई दिली आणि तबकडी कशी वाजवायची याच्या खुणाही कोरल्या. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबरला उड्डाण केलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलं.

मला या हकिकतीत दोन्ही घराण्यांचा मान दिसतो. सुई आणि तबकडीवाचून भैरवी तिथे गेलीच नसती. पण निवड झाली ती गाण्याची. आधी कुणीतरी ते मन लावून ऐकलं होतं, म्हणून तर खोक्यापर्यंत शोध घेतला गेला.

इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या वाट्याला बैठक क्वचितच येते. त्यांच्यापर्यंत गाणं पोचतं ते यंत्रातूनच. म्हणून यंत्र चांगलं जरूर घ्यावं, हवं तितकं निरखावं. फक्त मुलं शेजारी बसलेली असताना एक गाणं तरी, बटणाला हात न लावता, समेपर्यंत ऐकावं. आपण काय ऐकतो, त्याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.