महायुद्धोत्तर पहिला हंगाम आणि अनिर्णित स्टॅन्ली चषक (१९१८-१९)

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिल्या महायुद्धातील युद्धबंदी झाली आणि २१ डिसेंबरला कॅनडातील बर्फावरील व्यावसायिक हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगचा दुसरा हंगाम सुरू झाला. युद्ध संपताच क्रीडाजीवन पूर्वपदावर आले, हा समज या हंगामाच्या अभ्यासातून टिकत नाही. लीगमध्ये अवघे तीन संघ होते. त्यांपैकी टोरांटोने फेब्रुवारी १९१९ मध्ये माघार घेतली. पुढे स्टॅन्ली चषकासाठी मॉन्ट्रियल कॅनेडियन्सची गाठ सिॲटल येथे पॅसिफिक किनाऱ्यावरील लीगच्या मेट्रोपॉलिटन्स संघाशी पडली. पाच सामन्यांत उभय संघांनी प्रत्येकी दोन विजय मिळविले. एक सामना बरोबरीत सुटला. १ एप्रिलचा निर्णायक सामना मात्र इन्फ्लुएन्झामुळे रद्द झाला. मॉन्ट्रियलचे अनेक खेळाडू अंथरुणाला खिळले होते. तरीही त्यांच्या आजारपणाच्या आधारे चषक स्वीकारणे सिॲटलने नाकारले. ५ एप्रिलला मॉन्ट्रियलचे बचावपटू ज्यो हॉल यांचे सिॲटलमध्येच निधन झाले. मालिका अपूर्ण राहिल्याची नोंद पुढे चषकावर कोरली गेली. युद्धबंदीची तारीख रणांगणापुरती खरी असते; साथीने घेतलेले बळी तिच्या पलीकडचे आहेत. म्हणूनच युद्धोत्तर क्रीडेतिहास लिहिताना साथीचा इतिहास वगळता येत नाही.